मोरीतला भेक आणि तारेवरचं वानर

वानर आणि भेक यांची तुलना करायला मला कोणी सांगितलं नव्हतं. खोड माझीच. बुऱ्हाणपूरच्या पोरांना उभा जन्म प्राणिशास्त्र शिकवलं की दोन प्राणी शेजारी दिसताच मधे रेघ मारून 'फरक स्पष्ट करा' म्हणावंसं वाटतं. बाकीचे मास्तर निवृत्ती जवळ आली की भजनी मंडळात जातात. मी रेघा मारतो.

झालं असं, की आमच्या मुलीचा, तेजस्विनीचा, साखरपुडा ठरला. मुलगा शाहपूरचा, स्वप्निल. दोघांनी इंदूरला शिकताना एकमेकांना पसंत केलं आणि मग सवडीने आम्हाला कळवलं, हल्ली अशीच पद्धत आहे. मुलाचे वडील लीलाधरभाऊ केळीचे मोठे बागायतदार आणि त्याहून मोठे मारुतीचे भक्त. वर्षभर 'बघू, बघू' करत ते कसेबसे तयार झाले, आणि तयार होता होताच त्यांनी सांगून टाकलं, "सर, अधिक महिना लागायच्या आत उरकलं तं उरकलं. नाही तं यावलले माह्या मेहुण्याची पोरगी हाये. ते लोक आजच टिळा लावाले बसले." म्हणून अधिकाच्या आधीचा शेवटचा रविवार धरला. कार्यक्रम आमच्याच अंगणात.

त्या रविवारसाठी शोभानं, म्हणजे माझ्या पत्नीनं, दोन हुकूम काढले. मोरीतला बेडूक हाकलायचा. आणि गच्चीवर येणाऱ्या वानराला कोणी एक शब्द बोलायचा नाही, कारण व्याही भक्त आहेत.

आता हा अन्याय कोणत्याही शिकल्यासवरल्या माणसाला कसा सहन व्हावा?

आमच्या मोरीत कपडे धुवायच्या दगडामागे एक भेक राहत होता. भेक म्हणजे बेडकातलाच, पण कातडी खडबडीत, अंगभर फोड आणि स्वभाव भारदस्त. उगाच उड्या मारत नाही. दिवसभर दगडामागे गप्प बसायचा आणि दिवेलागणीला कामावर हजर व्हायचा. झुरळ, डास, मुंग्या, जे दिसेल ते जिभेने टिपायचा. घरात एवढा नियमित प्राणी दुसरा नव्हता, मी धरून. वानराचं म्हणाल तर ते असीरगढच्या डोंगराकडून कधीतरी टोळीसोबत आलं, टोळीने हाकललं, आणि मग आमच्या कॉलनीला येऊन चिकटलं. काळं तोंड, लांब शेपूट, आणि काम शून्य. टाकीच्या झाकणावर बसायचं, डिशची वायर ओढायचं, अर्धा पेरू खाऊन उरलेला आमच्याच डोक्यावर मारायचं. आणि पूजा कोणाची? वानराची! हकालपट्टी कोणाची? भेकाची!

"त्याला हात लावला की चामखीळ येते," शोभा म्हणाली.

"ही अडाणी समजूत आहे. शोभा, तो दत्ताफ्रायनस आहे. दत्ताफ्रायनस मेलॅनोस्टिक्टस."

"देवाचं नाव घेऊ नका मोरीत उभं राहून."

मी मोरीतून बाहेर आलो. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कुठे गप्प बसायचं ते कळतं, फक्त कळायला उशीर होतो.

पण भेक मी हाकलला नाही. 'आज घालवतो, उद्या घालवतो' करत राहिलो. तेवढ्यात सल्ले सुरू झाले. आमच्या सूर्यकन्या कॉलनीत सल्ल्याला नळासारखी वेळ नाही, चोवीस तास येतो. शेजारच्या मालूबाई म्हणाल्या, "सर, मीठ टाका त्याच्यावर, आपोआप जाते." जाते म्हणजे मरते. ज्या बाई रोज सकाळी वानराला तूप लावलेली पोळी देतात त्यांचा हा दयाळू उपाय. कॉलनीचे अध्यक्ष देवरामभाऊ, यांचं पॉवरलूमच्या सुट्या भागांचं दुकान आहे, पण दुकानात ते कधी सापडत नाहीत. ते म्हणाले, "फिनाईल सर, फिनाईल! एक बाटली टाका, मेंढक रवाना."

मी देवरामला अंगणात बसवून शांतपणे दोन्ही प्राण्यांची तुलना करून दाखवली. उपयोग, आहार, सार्वजनिक वर्तणूक, सगळे मुद्दे घेतले. त्यानं चहा संपेपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते सगळं ठीक आहे सर. पण तुमच्या बेडकानं कधी लंका जाळली का?"

मी कपबशी आत नेऊन ठेवली.

गुरुवारी सकाळी शोभानं गच्चीवर कुरडया वाळत घातल्या. लग्नाच्या कुरडया, म्हणजे घरातल्या दागिन्यांच्या खालोखाल. मला राखणीला बसवलं. मी छत्री घेऊन बसलो, आणि अर्ध्या तासात वानर आलं. माझ्याकडे पाहिलं. मी हुकुमाचा ताबेदार, एक शब्द बोललो नाही. ते चादरीच्या मधोमध मांडी ठोकून बसलं आणि कुरडई मोडून मोडून खाऊ लागलं. सावकाश खात होतं, पंगतीला बसल्यासारखं. पसंत नसलेली फेकत होतं. तेवढंही मी सोसलं. मग ते उठलं आणि उरलेल्या कुरडयांवर, आता स्पष्ट कशाला सांगू, त्यानं जे करायचं ते केलं.

"हूऽऽट!" मी ओरडलो. छत्रीही उघडली.

वानर दचकून कठड्यावर गेलं, तिथून उडी मारली आणि विजेची तार धरली. एक ठिणगी, एक आवाज, गल्लीतले सगळे यंत्रमाग बंद, आणि वानर थेट आमच्या अंगणात, जिथे रविवारी पाट मांडायचे होते तिथे. मेलं होतं. खरं सांगतो, मला वाईट वाटलं. नालायक असलं तरी जीव होता. पण वाईट वाटायला मला मोजून एक मिनिट मिळालं असेल, कारण लगेच फाटकातून मालूबाईंचा हंबरडा आत आला.

"देव मारला वं माय! सरांनी देव मारला!"

"मी मारला नाही. मी हाकललं. तार धर असं मी म्हटलं नव्हतं."

"आन् छत्री?" मालूबाई म्हणाल्या. त्यांनी समोरच्या गच्चीवरून छत्री पाहिली होती. या बाईला चष्म्याशिवाय भाजीतली अळी दिसत नाही, छत्री बरोबर दिसली.

मी कायद्याने चालणारा माणूस. विजेच्या कचेरीत फोन केला. तिथला माणूस म्हणाला, "तार हमारी है, बंदर हमारा नहीं." महापालिकेनं सांगितलं की मेलेली गाय असेल तर गाडी येते, वानर वन्यजीव आहे, त्याला हात लावला तर तुमच्यावरच केस होईल. मग वनखात्याला फोन केला. त्यांनी "हाथ मत लगाना, पंचनामा होगा" म्हणून दम भरला आणि एक वनरक्षक पाठवला. चला, एक तरी सरकारी माणूस आला, मी निःश्वास टाकला. तो फटफटीवरून उतरला, फाटकाबाहेर बूट काढले, डोक्यावर रुमाल टाकला, डिकीतून नारळ काढून वानराच्या पायाशी फोडला आणि डोळे मिटून उभा राहिला.

"अहो, पंचनामा?" मी विचारलं.

"मास्साब," तो डोळे न उघडता म्हणाला, "भगवान का क्या पंचनामा."

दुपारपर्यंत आमचं अंगण माझं राहिलं नाही. वानराला पाटावर बसवलं, भगवी शाल पांघरली, कपाळाला शेंदूर लावला. बाया रांगेनं दर्शनाला येऊ लागल्या. आल्यासरशी मोरीत जाऊन पाय धुवायच्या आणि किंचाळत बाहेर यायच्या, आत भेक बसलेला! बिचारा आपल्या दगडामागे होता. देवरामनं फोनवर पुरोहिताला विचारून निर्णय आणला. वानर सरांच्या हाकलण्याने गेलं, तेव्हा दोष सरांना. सुतक सरांच्या घराला, तेरा दिवस. मात्र सरांनी मुंडण करून वानराला पाणी दिलं तर तिसऱ्या दिवशी सुतक फिटतं.

"रक्ताचं नातं नसल्यामुळे सूट मिळाली," देवराम म्हणाला. दुकानदार माणूस, सूट म्हणाला की त्याचा चेहरा खुलतो.

हिशोब सरळ होता. मुंडण केलं तर रविवार मोकळा. नाही केलं तर साखरपुडा अधिकात ढकलला, म्हणजे यावलची पोरगी आणि टिळा.

आता माझ्या केसांबद्दल दोन शब्द. मी साठीला टेकलोय आणि केस काळे, दाट, कलप नाही. माझ्या वयाच्या सगळ्या स्टाफरूमला टक्कल आहे. देवाने मला बाकी काही दिलं नाही, ना बंगला, ना बढती. एवढं एक दिलं. ते मी एका कुरडईचोरासाठी उतरवू? आणि तेही शिक्षा म्हणून? "नाही करणार," मी अंगणात उभं राहून जाहीर सांगितलं. "मी प्राणिशास्त्राचा माणूस आहे. या वानराचा खून झालेला नाही, अपघात झालाय. आणि याच्या आत्म्याला पाणी द्यायचंच असेल तर आमच्या टाकीतलं त्यानं भरपूर प्यायलंय."

मालूबाईंनी कानांवर हात ठेवले.

तेवढ्यात चौकात फ्लेक्स लागला. देवरामच्या कामातली ही एकच गोष्ट वेळेवर होते. मी बघायला गेलो. 'पवनपुत्र लीन झाले' असं वर लिहिलेलं, खाली डावीकडे दिवंगताचा फोटो, उजवीकडे माझा, दोन्ही एकाच मापाचे, आणि खाली 'शोकाकुल: अरविंद सर व समस्त परिवार'. तेही मी गिळलं असतं. पण दिवंगताचं तोंड लाल होतं!

"देवराम, हे माकड आहे!" मी ओरडलो. "मेलंय ते वानर! काळ्या तोंडाचं! ही जात वेगळी, ती जात वेगळी!"

"सर, आता मेल्यावर जात कशाला काढता?" देवराम दुखावून म्हणाला, आणि भोवतालच्या चार लोकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तिथून निघालो. घरी पोचेपर्यंत माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचे मेसेज आले होते. सगळ्यांना दुःख झालं होतं. एकानं विचारलं होतं, "सर, उजवीकडचे आपणच ना?"

फ्लेक्स शाहपूरलाही पोचला. लीलाधरभाऊंचा फोन आला. आवाज जड. "सर, आयकलं. मोठ्ठं पुण्य तुमचं, देव तुमच्या अंगणात गेला. मुंडण करता ना? मंग रविवारी येतो आम्ही." आणि मी काही बोलायच्या आत फोन ठेवला. त्यांना हाकलण्याचं कळलं नव्हतं. छत्रीचं तर नाहीच.

फोन ठेवला तर दारात तेजस्विनी. डोळे लाल.

"बाबा, प्लीज यार. केसच तर आहेत. वापस येतात."

"केसांचा प्रश्न नाही तेजू, तत्त्वाचा आहे."

"तुमचं तत्त्व सही आहे, मी कधी गलत म्हटलं? पण त्याच्या बाबांना हो म्हणवायला आम्हाला पूरा साल लागला. आता एका बंदरामुळे सगळं खतम?"

मी 'वानर' असं म्हणणार होतो, पण तिचा चेहरा बघून राहू दिलं. ती आत जाऊन रडत बसली. शोभा माझ्याशी बोलेना. अंगणाच्या कोपऱ्यात देवरामनं बोलावलेला न्हावी वाटी-वस्तरा मांडून बसला होता, मधून मधून माझ्या डोक्याकडे बघायचा आणि वस्तरा पालथा करून घासायचा. माझं पोरीवर प्रेम नाही का? आहे. पण या लोकांपुढे मान झुकवायची म्हटली की मानेलाच ते जमत नाही, त्याला मी काय करू?

चार वाजता मिरवणूक निघायची होती. फुलांनी सजवलेला ट्रॅक्टर उलटा चालवत अंगणापर्यंत आणला, मागे डीजे. वानराला ताप्तीच्या घाटावर नेऊन समाधी द्यायची होती. उचलण्यापूर्वी जागा शुद्ध करावी म्हणून मालूबाईंनी अंगण धुतलं, आणि बाया किंचाळतात म्हणून लगे हाथ मोरीत फिनाईलची अख्खी बाटली ओतली.

भेक बाहेर आला. भर उन्हात, भर गर्दीत, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. त्याला दिसत असेल नसेल, पण फिनाईलपासून लांब जायचं एवढं कळत होतं. अंगणाच्या कडेनं एक उडी, थांबला. दुसरी उडी, थांबला. मी ओरडलो, "अरे थांबा, थांबा!" डीजेत कोणाला ऐकू येतंय? ट्रॅक्टर वानराची पालखी चढवून घ्यायला आणखी हातभर मागे आला.

फार आवाज झाला नाही.

वानरावर लोक फुलं टाकत होते. त्यातली दोन झेंडूची फुलं चुकून भेकाजवळ पडली होती. मालूबाईंनी ती उचलून घेतली, कपाळाला लावली, आणि भेकाला चपलेच्या टोकानं गटाराकडे ढकललं. "शी! चांगल्या कामात अपशकुन."

माझ्या डोक्यात काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. मी पुढे गेलो, सगळ्यांच्या देखत खाली वाकलो, भेक हातात उचलला, खिशातल्या रुमालात गुंडाळला आणि रुमाल खिशात ठेवला. मग सरळ न्हाव्यासमोर जाऊन बसलो.

"सगळे काढ," मी म्हणालो. "मिशी पण."

मिशी पण! असा एकच आवाज उठला. मिशी कोणी मागितली नव्हती. देवरामनं डीजे थांबवला. 'बजरंग बली की जय' झालं. शोभा पदर डोळ्यांना लावून उभी राहिली. न्हाव्यानं पाणी लावलं आणि माझे काळे, दाट केस पुढ्यात पडू लागले. मालूबाई कोणाला तरी सांगत होत्या, "पस्तावा झाला बिचाऱ्याले, आखीर माणूसच हाये." मी ऐकत होतो. पस्तावा! माझ्या घरात इमानाने नोकरी केलेला एक जीव खिशात होता, त्याच्यासाठी या गावात दुसरा कोणी केसाची बटसुद्धा देणार नव्हता. कोणीतरी द्यायला नको? वानराला अख्खी कॉलनी होती.

घाटावर मी गेलो, पाणीही दिलं. एकदा टक्कल झाल्यावर माणूस कशालाही नाही म्हणत नाही.

रविवारी लीलाधरभाऊ गाडीभर माणसं, केळीचे घड आणि दराब्याच्या मिठाईचे डबे घेऊन आले. मला पाहिलं आणि दारातच थांबले. माझ्या डोक्यावरून त्यांची नजर मिशीच्या जागेवर आली, तिथे त्यांचे डोळे भरले. त्यांनी मला मिठी मारली. "सर, मले वाटलं होतं, शिकलेला माणूस, देवाधर्माले मानत नसेल. म्हणून वर्षभर टाळलं तुमाले. आज लाज वाटते माही. मारुतीरायासाठी मिशी कोण देते आजच्या जमान्यात?"

सगळं अंगण माझ्याकडे बघत होतं. देवराम मान डोलवत होता, जणू मिशी त्याचीच. गप्प बसायचं होतं, एवढंच. पाट मांडलेले होते, पोरगी नटून बसली होती. पण खोटं श्रेय घेणं हे वानराचं काम आहे, आणि मी वानर नाही.

"लीलाधरभाऊ," मी म्हणालो, "हे मुंडण मारुतीरायासाठी नाही. त्या वानरासाठी तर मुळीच नाही. आमच्या मोरीत एक बेडूक होता, तो तुमच्या भक्तांच्या ट्रॅक्टरखाली मेला. त्याच्यासाठी केलंय."

शोभाच्या हातातलं ताट तिरकं झालं. मालूबाईंनी श्वास घेतला तो सोडलाच नाही. तेजस्विनीनं डोळे मिटले. लीलाधरभाऊ माझ्याकडे बघत राहिले, मग त्यांचं पोट हलायला लागलं, मग खांदे, आणि मग ते असे हसले की केळीचा घड धरलेला माणूसही हसायला लागला.

"बेडकासाठी!" ते डोळे पुसत म्हणाले. "आयकलं का रे? बेडकासाठी मुंडण! एवढं मोठं पुण्य केलं, आन् हा माणूस मोठेपणा घ्याले तयार नाही, थट्टेवारी नेते! याले म्हणते संत माणूस. लावा टिळा, लावा, माह्या पोराचं नशीब उघडलं!"

टिळा लागला. अंगठ्या घातल्या. मी आयुष्यात इतकं स्पष्ट खरं पूर्वी बोललो नव्हतो, आणि इतका यशस्वीही कधी झालो नव्हतो.

जोडी पाया पडायला आली. स्वप्निल आधी वाकून बाजूला झाला. तेजस्विनी वाकली आणि तशीच खालून हळूच म्हणाली, "बाबा, मी खिडकीतून देखलं होतं सब. रुमाल कुठे ठेवला?"

"तुळशीत," मी म्हणालो. "खाली, मुळाशी पुरला."

"आईला पता आहे?"

"नाही."

तेवढ्यात शोभानं हाक मारली, की जोडीनं आता तुळशीला नमस्कार करायचा आहे. तेजस्विनीनं पदराचा बोळा करून तोंडाशी धरला. सगळ्यांना वाटलं, माहेर सुटणार म्हणून पोरीला हुंदका आला. दोघांनी तुळशीपुढे डोकं टेकलं. मागोमाग शोभा, मग देवराम, मग मालूबाई, भक्तिभावानं, कपाळ अगदी मातीला लावून. शेवटी लीलाधरभाऊ पुढे आले. त्यांनी हात जोडले, बराच वेळ डोळे मिटले, मग तुळशीच्या मुळाशी बोट घालून चिमूटभर माती काढली आणि कपाळाला लावली.

"पवित्र घर हाये," ते म्हणाले.

"आहे," मी म्हणालो, आणि मीही वाकून नमस्कार केला.